माळढोकाच्या मागचा माणूस

तानाबाईचा नवरा मेला की जिवंत आहे, हे बंडगर वस्तीवर कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून वस्तीनं आपल्या सोयीनं ठरवून टाकलं होतं, की तो मेला.

बंडगर वस्ती म्हणजे सांगोल्याच्या दक्षिणेला उघड्या माळावर वसलेली धनगरांची पाच-पंचवीस घरं. बहात्तरच्या दुष्काळात तिथला ज्ञानबा बंडगर आणि त्याचा धाकटा भाऊ येडू मेंढरं घेऊन भीमेच्या अंगाला उतरले होते. मेंढरांच्या त्या खांडातली, म्हणजे कळपातली, निम्मी ज्ञानबाची, निम्मी त्याच्या सासऱ्याची. तानाबाईच्या बापानं ती जावयावर विश्वासून हवाली केली होती. नदीला पाणी नव्हतं, काठाला पाला नव्हता. येडूच्या पायात बाभळीचा काटा मोडून पाय पिकला, तेव्हा ज्ञानबानं त्याला घरी पाठवून दिलं आणि उरलेली मेंढरं घेऊन तो एकटाच पुढं गेला. मोहोळच्या बाजूला एका पाहुण्यानं त्याला पाहिलं, ते कोरड्या पात्रात, मेलेल्या मेंढरांच्या मधोमध बसलेलं. पाहुणा म्हणाला, "चल की घरला." ज्ञानबा म्हणाला, "तुमी व्हा म्होरं, मी आलोच."

तो आला नाही.

त्या साली तानाबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. हातातली हातोडी खाली ठेवून ती रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक धनगराला विचारायची. पुढं पाऊस पडला, माळ हिरवा झाला, कुणाची कोकरं वाढून मेंढरं झाली, तरी तिचं विचारणं थांबलं नाही. हुन्नूरच्या बिरोबाच्या जत्रेत ती धनगरांच्या तळातळावर जाऊन विचारी, "उजवा हात कोपरात वाकडा आसलेला मानूस बगितला का?" लहानपणी ज्ञानबा घोड्यावरून पडला होता, तेव्हापासून त्याचा उजवा हात सरळ होत नसे. भगतानं अंगात आल्यावर सांगितलं, की मानूस पाण्याजवळ हाय. पाण्याजवळ म्हणजे काठाला की तळाला, हे विचारायचा तिला धीर झाला नाही.

सासू अंबुबाईचा धीर मात्र केव्हाच संपला होता. ती म्हणायची, "माज्या पोटचा हाय त्यो. मेला म्हनायला मला ग्वाड वाटतं व्हय? पर रोज उटून वाटंकडं बगायचं, त्यापरीस मेल्याला बरा."

आता तर गोष्ट गळ्याशी आली होती. तानाबाईची लेक बजा लग्नाला आली होती. बाप नाही, मेला असंही नाही, अशा घरची पोरगी कुणी पदरात घेत नव्हतं. येडूनं भावकी बसवली आणि भावकीनं ठरवलं, की येत्या जत्रेत ज्ञानबाच्या नावानं दिवस घालायचे. तानाबाईचा पाट जतकडच्या एका बिजवराशी लावून द्यायचा आणि पोरीचं चुलत्यानं बघायचं. तानाबाईला कुणी विचारलं नाही. ती चुलीपुढं बसून सगळं ऐकत होती. तिनं एकदाच तोंड उघडलं, "आनि उद्या त्ये आलं तर?"

येडू म्हणाला, "यायचा आसता तर आला नसता का, वैनी?"

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

अशात सांगोल्याच्या आठवडी बाजारात तिला बसलिंगप्पा भेटला. हा सोलापूरचा लोकरीचा व्यापारी. बंडगर वस्तीची लोकर वर्षानुवर्षं तोच घेई, त्यामुळं ज्ञानबाला तो चांगला ओळखत होता. तानाबाईला त्यानं गर्दीतून बाजूला बोलावलं.

"तानव्वा, एक सांगतो. ऐकून घे, पण लगेच रडू नको," तो म्हणाला. "सोलापुरात म्युझियममध्ये जंगलातल्या जनावरांचे फोटो मांडलेत. नातवंडांनी हट्ट धरला म्हणून गेलो होतो. त्यात माळढोक पक्ष्याचा एक मोठा फोटो हाय. त्या पक्ष्याच्या मागं लांब एक धनगर उभा हाय. मला आपला ज्ञानबा वाटला."

तानाबाईनं मिरच्यांची पाटी खाली ठेवली.

"माझी नजर म्हातारी हाय," बसलिंगप्पा घाईनं म्हणाला. "खरं-खोटं देवाला ठाऊक. पण बघून गप्प बसलो तर पाप लागायचं, म्हणून सांगितलं. दोन-चार दिवसांत उतरवणार हायत ते फोटो."

वस्तीवर ही बातमी ऐकून येडू हसला. जनावरांच्या फोटोत माणूस कशाला येतोय, असं त्याचं म्हणणं. अंबुबाई हसली नाही. ती उठली, लुगड्याचा पदर खोचला आणि म्हणाली, "मी बी येते. एकदा डोळ्यानं बगू आनि मिटवून टाकू."

दोघी सासवासुना दुसऱ्या दिवशी एस.टी.नं सोलापूरला उतरल्या. बसलिंगप्पा त्यांना घ्यायला स्टँडवर आला होता. संग्रहालयाच्या पायरीवर दोघींनी देवळात काढाव्यात तशा वहाणा काढल्या. दारावरचा पहारेकरी म्हणाला, "ओ मावशी, चप्पल कायकू निकालते? अंदर चप्पल चलती." तानाबाईनं वहाणा पुन्हा घातल्या. अंबुबाईनं मात्र आपल्या हातात धरल्या, त्या शेवटपर्यंत हातातच राहिल्या.

आतलं दालन उंच आणि गार होतं. शाळेच्या पोरांची रांग एका बाजूनं सरकत होती. यंत्रमागावर काम करणाऱ्या साचेवाल्यांच्या घरातल्या काही बायका तेलुगूत बोलत, लेकरांना कडेवर उचलून फोटो दाखवत होत्या. काळ्या चौकटीतले काळेपांढरे फोटो भिंतीभर टांगले होते. काळविटांचा कळप, बिळाच्या तोंडाशी बसलेलं खोकड, घोरपड, ससाणा. अंबुबाई एका फोटोपुढं थबकली. गवतातून मान वर काढून लांडगा सरळ तिच्याकडं बघत होता.

"ह्येचा बी फोटू?" ती बसलिंगप्पाला म्हणाली. "ह्येनं माजी किती कोकरं न्हेली, आनि ह्येला हितं भिताडावर लावलाय?"

तानाबाईला तर लांडगा दिसलाच नाही. लोक फोटोतलं जनावर बघत होते, ती जनावराच्या मागं बघत होती. झुडपांच्या आडोशाला, टेकडीच्या कडेला, जिथं कुठं काळसर ठिपका असेल तिथं तिची नजर जाई आणि रिकामी परत येई.

"हा बघ," बसलिंगप्पा म्हणाला.

फोटो दालनाच्या टोकाला होता, सगळ्यांत मोठा. पुढं माळढोक उभा. माणसाच्या कमरेएवढा उंच, पांढरी मान ताठ, डोक्यावर काळी टोपी, पोटाखालच्या गवताची पाती न् पाती मोजावी इतकी स्वच्छ. मागं माळ धुरकट होत गेलेला. आणि त्या धुरकटात, पक्ष्याच्या शेपटापाशी, एक माणूस. डोक्यावर घोंगड्याची खोळ, एक पाय जमिनीवर, दुसऱ्याचा तळवा गुडघ्याला टेकवलेला, अंगाचा भार काठीवर.

तानाबाई काचेला नाक लागेल इतकी जवळ गेली. जवळ गेल्यावर माणूस राहिलाच नाही, नुसते करडे ठिपके झाले. ती मागं सरली तसा तो पुन्हा उभा राहिला. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. असं उभं तर सगळेच धनगर राहतात. तिचा बाप, येडू, ती स्वतःसुद्धा. काचेत वरचा पंखा फिरताना दिसत होता, म्हणून तिनं पदरानं काच पुसली. तिथला गणवेशातला एक शिपाई म्हणाला, "बाई, काचेला हात लावू नका."

तिनं हात मागं घेतला. आणि तेवढ्यात तिला ते कोपर दिसलं. काठीला रेललेला माणूस दोन्ही हात काठीवर टेकवतो. ह्या माणसाचा डावा हात काठीवर होता. उजवा मात्र पोटाशी दुमडून, कोपर बाहेर काढून, घोंगड्याखाली धरलेला. घोंगड्याची कड तिथं तंबूसारखी वर आली होती.

ती म्हणाली, "आत्याबाय, हात बगा."

अंबुबाईनं बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. तिच्या तोंडावरची एक रेघ हलली नाही.

"ह्यो फोटू कवाचा?" तानाबाईनं बसलिंगप्पाला विचारलं. तिचा आवाज इतका चढला होता, की शाळेची पोरं वळून बघायला लागली. "बहात्तरच्या आदीचा की मागनंचा? एवढं इचारा की कुनाला. माज्या जल्माचा सवाल हाय."

फोटो काढणारा माणूस दालनातच होता. चनमल्लप्पा त्याचं नाव. विम्याच्या कचेरीत नोकरीला होता आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन माळरानं पालथी घालायचा. बसलिंगप्पानं कानडीत दोन शब्द सांगितले, तसा तो लगबगीनं आला. माळढोकाविषयी सकाळपासून अनेकांनी विचारलं होतं. तो किती मोठा, काय खातो, कुठं सापडतो. त्याच सुरात त्यानं सांगायला सुरुवात केली.

"पाखराचं नगं," तानाबाई म्हणाली. "मागला मानूस. त्यो कवा हुबा ऱ्हायला हितं?"

चनमल्लप्पानं आपल्याच फोटोकडं पहिल्यांदा बघितल्यासारखं बघितलं. "तो होय," तो म्हणाला. "हा फोटो गेल्या वर्षी श्रावणातला. नान्नजच्या माळावरचा."

गेल्या वर्षीचा श्रावण. म्हणजे दुष्काळ सरून कितीतरी वर्षं झाल्यावर. तानाबाईनं भिंतीला हात टेकला.

"मी काट्याकुट्यांच्या आडोशात पहाटेपासून बसलो होतो," चनमल्लप्पा सांगू लागला. "पक्षी एकदाचा समोर आला आणि नेमका हा माणूस मागं येऊन उभा राहिला. मी वैतागलो होतो. ओरडावं तर पक्षी उडायचा. नंतर फोटोतून त्याला कापून काढायचा विचार केला, पण मग शेपूट कापलं जात होतं. म्हणून राहिला तो तसाच."

"बोलला का तुमच्यासंगं?"

"बोलला थोडं. पक्षी गेल्यावर आम्ही बरोबर चहा घेतला. माझ्याकडं थर्मास होता. दुसऱ्याची मेंढरं राखतो म्हणाला."

"हात?"

चनमल्लप्पा आठवू लागला. "कप डाव्या हातानं धरला होता त्यानं. उजवा आखडलेला होता, बहुतेक."

"नाव सांगिटलं?"

"नाव नाही विचारलं मी." तो ओशाळला. मग काहीतरी चांगलं आठवून द्यावं अशा भावनेनं, विचार न करता, म्हणाला, "गाव विचारलं होतं. गाव न्हाय म्हणाला. घरी कोण कोण असतं, विचारलं, तर म्हणाला, कोन न्हाय."

बोलून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण कुणाला सांगतोय. पण शब्द तोंडातून गेला होता.

अंबुबाईनं हातातल्या वहाणा छातीशी धरल्या आणि शांतपणे म्हणाली, "चल. ह्यो माजा न्हाय."

"आत्याबाय, हात बगितलासा की तुमी."

"हात लई जनांचे मोडत्यात. माजा ल्योक गेला. ज्याला घरात कोन न्हाय, त्यो माजा कसा आसंल?"

ती तिथंच फरशीवर बसली. तो शिपाई पुन्हा आला, पण चनमल्लप्पानं त्याला हातानंच मागं केलं. म्हातारी रडत नव्हती. समोरच्या भिंतीवरच्या फोटोकडं तिनं पाठ केली होती आणि दारातून येणाऱ्या उजेडाकडं बघत ती बसून होती.

तानाबाई चनमल्लप्पापुढं वाकली. तो मागं सरकला तरी तिनं त्याच्या पायाला हात लावलाच. "दादा, तुमी फोटू काडलासा. ती जागा तुमास्नी ठावं हाय. मला तितं न्या. मी दुसरं काय मागत न्हाय."

"बाई, वर्ष झालं त्याला. मेंढरामागं फिरणारा माणूस तो. आता तिथं असेल कशावरून?"

"नसला तर नसला. पर न्या."

चनमल्लप्पानं बसलिंगप्पाकडं पाहिलं. बसलिंगप्पा म्हणाला, "घेऊन जाऊ. मीही येतो." आणि चनमल्लप्पानं होकाराची मान हलवली.

ती रात्र त्या दोघी बसलिंगप्पाच्या घरी राहिल्या. त्याची बायको शिवबाई हिनं ताटं वाढली, पण दोघींनी घास मोडून ताटातच ठेवले. सकाळी तानाबाईला वाटलं, सासू आता सांगोल्याची गाडी धरणार. पण अंबुबाई नान्नजच्या गाडीत येऊन तिच्या शेजारी बसली. "तुला एकलीला कशी सोडू?" एवढंच म्हणाली.

गाडीतून उतरल्यावर रस्त्याकडेला एक लिंबाचं झाड होतं. अंबुबाई त्याच्याखाली बसली. "जा तू. मी हितं हाय." तानाबाईनं हाताला धरलं, तर म्हातारीनं हात सोडवून घेतला. बसलिंगप्पा तिच्यापाशी थांबला. चनमल्लप्पा आणि तानाबाई माळात शिरले.

पावसाळा नुकता सरला होता. गवत गुडघ्याएवढं होऊन पिवळं पडू लागलं होतं. चनमल्लप्पानं वाटेत भेटलेल्या एका माणसाला विचारलं. त्याचं नाव गुंडा, त्या माळावरच्या बऱ्याच मेंढरांचा मालक. "वाकड्या हाताचा व्हय?" गुंडा म्हणाला. "हाय की. माज्याकडंच हाय. टेकाडाच्या पल्याड गावंल." आणि तानाबाईच्या कपाळाकडं बघून त्यानं विचारलं, "तुमी कोन त्याच्या?"

ती पळत सुटली.

टेकाडापलीकडं मेंढरं चरत होती. कुत्रं भुंकत अंगावर आलं. ज्ञानबानं कुत्र्याला हाक मारली आणि मग त्याला ती दिसली. तो पळाला नाही की जागचा हलला नाही. डोक्यावरची खोळ तेवढी त्यानं मागं टाकली. केस पांढरे झाले होते. चनमल्लप्पा टेकाडावरच थांबला. त्याच्या खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी होती. ती त्यानं उघडली नाही.

मग ज्ञानबानंच विचारलं, "आई?"

"तितं रस्त्याला बसलीया. येत न्हाय म्हनती."

"बजा?"

"उजवायची झालीया."

तो खाली बघायला लागला. "एक बी जगलं न्हाय," तो म्हणाला. "तुज्या बापाचं सुदिक. समदी पात्रात पडली. शेवटची मेंढी मरंस्तवर मी हुतो तितं."

"मी मेंढरं इचारली का?"

"तू न्हाय इचारायचीस. तुजा बाप इचारंल, येडू इचारंल. न्हाय इचारलं तरी माज्या तोंडाकडं बगतील की."

तानाबाई त्याच्यासमोर बसली. जे विचारायचं नाही असं तिनं रस्ताभर ठरवलं होतं, तेच तिच्या तोंडून बाहेर पडलं. "त्या सायबाला तुमी म्हनलासा, घरात कोन न्हाय."

ज्ञानबानं टेकाडावरच्या माणसाकडं एकदा बघितलं. "त्येला काय सांगू? तुजं नाव घेतलं आसतं, तर उटून घरला यावं लागलं आसतं. नाव घेऊन हितं बसता आलं नसतं मला."

"मग आता उटा."

"कुटल्या तोंडानं?"

ती रडली, हात जोडले, बजाचं नाव घेऊन शपथा घातल्या. पोरीचं लगीन अडलंय, भावकी दिवस घालणार आहे, जतकडच्या माणसाशी माझा पाट लावणार आहेत, सगळं सांगितलं. तो ऐकत होता. प्रत्येक गोष्टीवर त्याची मान खाली खाली जात होती, पण तो उठत नव्हता. शेवटी ती म्हणाली, "आईला तरी भेटा. चार पावलावर बसलीया."

तेव्हा मात्र तो उठला. टेकाडाच्या माथ्यापर्यंत आला. तिथून रस्ता दिसत होता, लिंबाचं झाड दिसत होतं, झाडाखाली बसलेली बारकी आकृती दिसत होती. म्हातारीलाही टेकाडावरचा माणूस दिसला असणार. ती उभी राहिली. ज्ञानबा काठीवर रेलून थांबला. दोघांच्या मधे नुसतं गवत होतं. आई पुढं आली नाही आणि लेक खाली उतरला नाही. तानाबाई एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिली. "जावा की," ती म्हणाली. "निदान हाक मारा." ज्ञानबानं खोळ पुन्हा डोक्यावर ओढली.

सोलापूरला जाणारी गाडी आली. अंबुबाईनं हात केला, गाडी थांबली आणि ती चढली. बसलिंगप्पाला तिच्यामागं धावत जाऊन गाडी धरावी लागली.

चनमल्लप्पानं तानाबाईला विचारलं, "बाई, तुम्ही?"

"मी ऱ्हाती," ती म्हणाली. "ह्यास्नी हितं सोडून गेले, तर पुन्ना गावायचं न्हाईत."

ती राहिली. गुंडाच्या मेंढरांमागं दोघं फिरू लागली. ज्ञानबा पहिले काही दिवस बोललाच नाही. ती भाकरी करून पुढं ठेवी, तो खाई. पुढं तो बोलायला लागला, पण गावाचं नाव निघालं, की उठून मेंढरांकडं जाई. तानाबाईला वाटायचं, आज ना उद्या याचं मन वळेल. रोज सकाळी ती त्याच आशेनं उठे.

तिकडं वस्तीवर अंबुबाईनं सांगितलं, की फोटोतला माणूस आपला नव्हता. "मग वैनी कुटाय?" येडूनं विचारलं. म्हातारीनं वहाणा कोपऱ्यात ठेवल्या आणि म्हणाली, "ती तितंच ऱ्हायली." त्यावरून लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. बसलिंगप्पाला खरं ठाऊक होतं, पण आईनंच नाकारल्यावर त्याचं कोण ऐकणार? जत्रेत ज्ञानबाचे दिवस घातले गेले. तानाबाईनं नान्नजच्या कुणा मेंढक्याशी आपल्या मनानं पाट लावला, अशी बोलवा सांगोल्यापर्यंत गेली. आपल्याच लग्नाच्या नवऱ्यापाशी राहून बाई बदनाम झाली. तिच्या बापानंही तिचं नाव टाकलं.

बजाचं लग्न येडूनं लावून दिलं. अक्कलकोटच्या बाजूला दिली, हे तानाबाईला कळलं ते बसलिंगप्पाकडून, लग्न होऊन गेल्यावर. ऐकून ती माळावर कितीतरी वेळ पालथी पडून होती. ज्ञानबा जवळ येऊन बसला. त्याला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण तो ठेवू शकला नाही. "माज्यामुळं झालं," एवढंच म्हणाला. तिनं त्याला धीर दिला नाही. द्यायला तिच्याजवळ नव्हताच.

पुढं माळढोकाचं नाव लांबवर गेलं. मोठमोठी माणसं गाड्यांतून येऊन त्याला बघून जाऊ लागली. मग सरकारची माणसं आली आणि माळाचे तुकडे तारेनं बंद व्हायला लागले. पक्ष्याला अंडी घालायला निवांत जागा पाहिजे, मेंढरं आत सोडायची नाहीत, असं सांगण्यात आलं. चनमल्लप्पा एकदा भेटायला आला तेव्हा तारेच्या बाहेर उभ्या असलेल्या ज्ञानबाकडं त्याला नीट बघवेना. "पक्षी फार थोडे राहिलेत हो," तो म्हणाला. ज्ञानबा म्हणाला, "व्हय, खरं हाय की." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. गुंडानं चाऱ्याअभावी निम्मी मेंढरं विकली आणि उरलेल्यांना दोन माणसं लागत नाहीत, असं हळूच सुचवून ठेवलं.

त्याच दिवसांत बसलिंगप्पानं निरोप आणला, की अंबुबाई गेली. दोन दिवसांचा ताप झाला आणि गेली. मरताना काही बोलली का, असं ज्ञानबानं विचारलं. बसलिंगप्पाला खोटं बोलता आलं असतं. तो म्हणाला, "मी नव्हतो तिथं. काही बोलल्याचं ऐकलं नाही."

ज्ञानबा तळ्यावर जाऊन आंघोळ करून आला आणि ओल्या अंगानं तानाबाईपुढं बसला. "डोस्क्यावरची क्यासं उतरव," तो म्हणाला. गावात न्हावी होता, पण त्याच्याकडं गेलं तर कोण मेलं ते सांगावं लागणार. इतकी वर्षं कोण नाही म्हणून सांगितलेल्या माणसाची आई कुठून मेली? तानाबाईनं मेंढरं कातरायची कातर घेतली. ती मोठी, जड कातर मेंढराच्या पाठीवर सरसर चालते, माणसाच्या डोक्यावर चालेना. केस कुठं तळापासून निघाले, कुठं खुंट राहिले, कानामागं थोडं रक्त आलं. ज्ञानबानं मान हलवली नाही. खाली पडलेल्या पांढऱ्या केसांकडं बघत तो बसला होता आणि त्याच्या नाकातून, डोळ्यांतून पाणी गळत होतं.

कातर बाजूला ठेवून तानाबाईनं पदरानं त्याचं डोकं पुसलं.

"आता जाऊ," तो म्हणाला.

हा एक शब्द ऐकायला ती इतकी वर्षं त्या माळावर राहिली होती. आता तो कानावर आला तर तिला काहीच वाटलं नाही. वस्तीवर त्याचे दिवस घातलेले, तिची अब्रू गेलेली, सासू गेलेली, घरात येडूचा संसार.

"कुनाकडं?" तिनं विचारलं.

तारेपलीकडच्या गवतात वारं शिरलं होतं. मग तो चाचरत म्हणाला, "बजाकडं. भेटायचं न्हाय. नुसतं लांबनं बगू, कशी दिसती ती. मग म्होरलं म्होरं."

तानाबाईनं घोंगडं झटकलं, तवा आणि दोन भांडी बोचक्यात बांधली. गुंडाचा निरोप घ्यायला ज्ञानबा गेला, तेव्हा परत येईतो ती वाटेवर उभी राहून त्याच्या पाठीकडं बघत होती. तो परत आला. मग दोघं अक्कलकोटच्या रस्त्याला लागली.